दादाच्या चाली

३ फेब्रुवारी, सोमवार

आयुष्यभर वह्या भरल्या, पण त्या दादाच्या. स्वतःचं लिहायला हात धजत नाही. तेव्हा ही कामाची नोंद आहे असं समजून लिहिते.

सकाळी रेकॉर्ड कंपनीचे साहेब आले. जिना चढून पार घामाघूम. आमच्या खाली लाँड्री असल्यामुळे जिन्यात कायम वाफ भरलेली असते, नवा माणूस बिचकतो. दादाला जाऊन अडीच महिने झाले. त्याच्या स्मरणार्थ एक आल्बम काढायचा कंपनीच्या मनात आहे. त्याच्या दहा चाली, त्याचे जुने साथीदार, आणि पियानोवर कोणीतरी नवं. "जॅझ ऐकणारे आता मूठभर उरलेत हो ताई," साहेब म्हणाले, "पण ते मूठभर तुमच्या भावासाठी जीव टाकतात." मला भरून आलं. बशीत चहा सांडला.

अडचण अशी, की दादाला नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं कानावर. अडतीस वर्षं त्याच्या चाली मी उतरवून घेत आले. चौदा वह्या आहेत. साहेब म्हणाले, "त्या मिळाल्या तरच पुढचं काही."

मी लगेच हो म्हटलं नाही. शेवटच्या आठवड्यात दादा इस्पितळात मला म्हणाला होता, "वह्या जाळून टाक." दोनदा म्हणाला. मी त्याला सूप भरवत होते. म्हटलं, "असं काय बोलतोस?" तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मोठे कलावंत असेच असणार, स्वतःचं काम त्यांना कधी पुरेसं वाटत नाही. पण सांगून गेला ते सांगूनच गेला, त्याचं काय करायचं?

वहिनीला विचारलं. ती खिडकीशी बसून जुना स्वेटर उसवत होती. वर न बघता म्हणाली, "मला कशाला विचारता, वन्सं? तुमच्या वह्या, तुम्ही बघा."

अडीच महिन्यांत या बाईच्या डोळ्यांतून टिपूस नाही.

संध्याकाळी साहेबांना फोन करून हो म्हणून टाकलं. दादा, रागावू नकोस.


५ फेब्रुवारी, बुधवार

ट्रंक उघडली. वह्यांना ओलीचा वास येतोय, पण शाई टिकलीय. दिवसभर नुसती पानं उलटत बसले.

दादा बाराला उठायचा. चहाचा कप पियानोवर ठेवायचा (कितीदा सांगितलं, डाग पडतात) आणि दोन-तीन सूर दाबत राहायचा. मी ओट्यापाशी असायचे. ते सूर कानावर आले की मला कळायचं, याला कुठे जायचंय. मी तिथूनच सांगायचे, "वर नको जाऊस. जरा थांब, मग खाली ये." तो खाली यायचा आणि खूश व्हायचा. मग तो आंघोळीला गेला की मी बाकीचं लिहून काढायचे. मधला भाग, शेवट, डाव्या हाताचं सगळं. त्याच्या मनात असायचंच ते, कागदावर यायचं तेवढं राहिलेलं असायचं. संध्याकाळी क्लबात जायच्या आधी मी त्याला दोन-तीनदा वाजवून दाखवायचे, म्हणजे त्याला आठवायचं. कान इतका तयार, की तिसऱ्या खेपेला त्याचा हात माझ्या पुढे.

नावंही मीच सुचवायचे. 'खालची वाफ'. 'ओला जिना'. 'परत ये, नाहीतर राहू दे'. तो हसायचा. म्हणायचा, "तुझं डोकं घरातल्या घरात फिरतं बघ." पण ठेवायचा तीच.


११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली तालीम. स्टुडिओ म्हणजे गालिच्यांच्या जुन्या गोदामाचं तळघर. भिंतींना विकले न गेलेले गालिचे ठोकलेत, त्यामुळे आवाज घुमत नाही, पण श्वास घेतला की धूळ. उजेडाचं नाव नाही.

जुन्यांपैकी भोंगा होता. सॅक्सोफोन वाजवतो. त्याचं खरं नाव कोणी घेत नाही. भोंगा म्हटलं की तो ओ देतो. दादाबरोबर तीस वर्षं. बेसवाला आणि ड्रमवालाही होते, ते दोघे तालीम सोडून कशावरही बोलतात. पियानोला तिशीची एक मुलगी आणलीय. उंच, नखं अगदी मांसापर्यंत कापलेली. सवय चांगली आहे.

'खालची वाफ'चा मधला भाग तिला काही केल्या येईना. "ताई, कागदावर कळतंय, पण हातात उतरत नाही. तुम्ही दाखवता का वाजवून?"

मी म्हटलं, "अगं, मला आठच बोटं आहेत कामाची." पण ती उठून उभीच राहिली, मग बसावं लागलं. चार महिन्यांनी पियानोला हात लावला. डोळे मिटून वाजवून टाकलं, मधला भाग, मग ओघात शेवटही.

थांबले. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या होत्या. माझे कान गरम झाले.

"हे कुठे शिकलात?" मुलीने विचारलं.

"मी एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलंय."

"तसं नाही. हे, आत्ता वाजवलंत ते."

"दादाकडून. आणखी कुठून?"

भोंगा खुर्ची ओढून जवळ आला. "दादा हे असं वाजवत नव्हता, ताई. सोपं करून वाजवायचा."

चुकलंच असणार माझं. मी माफी मागितली आणि म्हटलं, कागदावर आहे तसंच धरा, माझ्या हाताचं मनावर घेऊ नका. भोंगा काहीतरी बोलणार होता, पण मग सॅक्सोफोनची रीड तोंडात धरून ओली करत बसला.


१२ फेब्रुवारी, बुधवार

काल मुलीने निघताना माझ्या बोटांबद्दल विचारलं. सगळे विचारतात, त्यात तिचं काही चुकलं नाही. तरी घरी आल्यावर तेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहून टाकते.

बावीस वर्षं झाली. मी एकोणचाळीसची होते. एका मोठ्या हॉटेलात लॉबीत पियानो वाजवायला मला बोलावणं आलं होतं, रोज दुपारी तीन ते सहा. शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी शब्द टाकला होता. हॉटेलचं पत्र आलं त्या दुपारी पेन्सिल पियानोच्या पट्ट्यांमध्ये पडली होती, ती काढायला मी हात घातला, आणि दादाने झाकण बंद केलं. त्याचं लक्ष नव्हतं. उजव्या हाताची मधली दोन बोटं मोडली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. दादा आठवडाभर जेवला नव्हता नीट. इस्पितळात माझ्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला.

हॉटेलात मग कोणी दुसरी लागली. तसंही मला जमलं नसतंच. इतक्या लोकांपुढे.


१९ फेब्रुवारी, बुधवार

सात चाली बसल्या. पियानोवाली मुलगी हुशार आहे, पण चौकस फार. आल्बमसोबत छापायला म्हणून तिने दादाच्या सगळ्या चालींची वर्षवार यादी केली. आज यादी घेऊन माझ्याकडे आली. "ताई, ही दोन वर्षं कोरी कशी? आधी दर वर्षी पाच-सहा, नंतरही पाच-सहा. मध्ये एकदम काहीच नाही."

मी वर्षं बघितली आणि मला हसूच आलं. ती दोन वर्षं मी फुप्फुसाच्या दुखण्याने बाहेरगावी इस्पितळात होते. दादाला माझी इतकी काळजी, की त्याला काही सुचेनाच. हे मी तिला सांगितलं. म्हटलं, "बघ, वरून दगड वाटायचा, पण आतून किती हळवा होता."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिलाही भाऊ असेल.


२४ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीशी वाजलं. तिला पियानो घरातून जायला हवाय.

"शाळेला देऊन टाका," म्हणाली. "नाहीतर तुम्ही वाजवा. पण असा झाकून ठेवलेला मला बघवत नाही."

"दादाची आठवण आहे ती."

"मला त्याच्या आठवणीसाठी पियानोची गरज नाही, वन्सं."

माणूस जाऊन शंभर दिवस होत नाहीत तर त्याचे कोट लाँड्रीवालीला देऊन झाले, बूट देऊन झाले, आता पियानो. मी म्हटलं, "त्याचं काहीच शिल्लक ठेवायचं नाही का तुम्हाला?" वहिनी भाजी चिरत होती ती चिरत राहिली. मग पाच मिनिटांनी, मला वाटलं विषय संपला, तर म्हणते, "तुमचं काय शिल्लक आहे, ते बघत होते."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. सरळ उत्तर म्हणून द्यायचं नाही.


४ मार्च, मंगळवार

आज फार वाईट झालं.

तालीम संपल्यावर भोंगाने मला थांबवलं. बाकीचे वर चहाला गेले होते. त्याच्या हातात सातवी वही होती. मीच दिली होती मुलीला, शेवट ताडून बघायला.

"ताई, 'खालची वाफ'ची ही पानं बघितलीत?"

"मीच लिहिलीत की."

"अकरा पानं आहेत. आधी चार सूर, मग खोडलेत. मग दुसरे. मग मधला भाग तीन तऱ्हेने लिहून बघितलाय. प्रत्येक पानावर तारीख आहे."

"तारीख घालायची सवय आहे मला. शाळेतली."

"या तारखांना दादा माझ्याबरोबर होता. प्रवासी बोटीवर वाजवायला. तीन महिने आम्ही जमीन बघितली नव्हती."

मी म्हटलं, "मग फोनवर सांगितलं असेल."

"बोटीवर कुठला फोन, ताई?"

"जायच्या आधी सांगितलं असेल मग! मला काय आता एकोणीस वर्षांपूर्वीचं आठवतंय?"

माझा आवाज चढला. गालिच्यांमुळे तो तिथल्या तिथेच मेला, आणि त्यामुळे मला जास्तच ओरडावंसं वाटलं. भोंगाने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "मी भांडत नाहीये," तो म्हणाला. "परत आलो त्या आठवड्यात दादाने क्लबात ही चाल पहिल्यांदा वाजवली. म्हणाला, बोटीवर सुचली, समुद्राकडे बघताना. मी तीन महिने त्याच्या शेजारच्या बंकवर झोपत होतो. तो समुद्राकडे बघत नव्हता, त्याला बोट लागायची. तेव्हा मला गंमत वाटली होती, बस."

ज्या माणसाने याला उभं केलं, पहिला सूट शिवून दिला, त्याच्या माघारी हे बोलणं. मी वह्या पिशवीत भरल्या आणि पायी घरी आले. पाऊण तास. वाटेत चप्पल चावली तेही घरी आल्यावर कळलं.


६ मार्च, गुरुवार

काल दिवसभर बसून सातव्या वहीतल्या चाली स्वच्छ कागदावर उतरवल्या. खाडाखोड नाही, तारखा नाहीत. नुसत्या चाली, वर दादाचं नाव.

आज सकाळी वही खाली नेली. लाँड्रीच्या बॉयलरचं दार लाँड्रीवालीनेच उघडून दिलं. "काय आहे, ताई?" "रद्दी." पुठ्ठा जळायला वेळ लागला.

दादाचं शेवटचं सांगणं निदान एका वहीपुरतं तरी पाळलं. पाळल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.


९ मार्च, रविवार

आठवी, नववी आणि अकरावीही उतरवून झाल्या. गेल्या त्या.


१० मार्च, सोमवार

वहिनीला कळलं. लाँड्रीवालीने सांगितलं असणार. मी कपडे वाळत घालत होते तर मागून म्हणाली, "वन्सं, ते राहू द्या. आत येऊन बसा." हिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बसले.

"किती जाळल्यात?"

"चार. त्यानेच सांगितलं होतं."

"का सांगितलं होतं, विचार केलात कधी?"

"त्याला त्याचं काम आवडत नव्हतं, म्हणून."

वहिनीने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्यात अक्षर तुमचं आहे म्हणून. एकेक चाल कशी उगवली ते त्यात दिसतं म्हणून. शेवटच्या आठवड्यात त्याला एवढीच एक काळजी होती. मुलं नाहीत, माझं काय होणार याची नव्हती. वह्यांची होती."

मी उठायला लागले. तिने माझा उजवा हात धरला, वाकड्या बोटांवरच.

"पेन्सिल नव्हती, वन्सं."

"कसली पेन्सिल?"

"बावीस वर्षं सगळ्यांना सांगताय ती. मी दारात उभी होते. तुम्ही वाजवत होतात. हॉटेलचं पत्र पियानोवर उघडं होतं. तो आतून आला, उभ्या उभ्या पत्र वाचलं, घडी घातली, आणि झाकण आपटलं. दोन्ही हातांनी. मग माझ्याकडे बघून म्हणाला, टॉवेल आण."

मी म्हटलं, "तुम्हाला नीट दिसलं नसेल. दारातून पियानो तिरपा दिसतो."

"मी टॉवेल आणला," वहिनी म्हणाली. "ओरडले नाही, त्याला धरलं नाही, कोणाला बोलले नाही. टॉवेल आणला. बावीस वर्षं मी तेवढंच करत आले."

आणि ती रडायला लागली. तोंडावर पदर नाही, हात नाही, तशीच समोर बसून. दादा गेल्यापासून आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं. शेवटी आठवण आलीच म्हणायची त्याची.


११ मार्च, मंगळवार

दाढ दुखतेय. काम नाही.


१२ मार्च, बुधवार

दारात उभं राहून बघितलं. पियानो पूर्ण दिसतो. पट्ट्याही दिसतात.

पण तेव्हा तो दुसऱ्या भिंतीला होता. बहुतेक.


१७ मार्च, सोमवार

उद्यापासून रेकॉर्डिंग, आणि आज सकाळी साहेबांचा फोन. वहिनीने त्यांना पत्र लिहिलंय. भोंगाही जाऊन भेटून आला. दोघांचं म्हणणं एकच, की चाली माझ्या आहेत आणि तसं छापा, नाहीतर वहिनी संमती देणार नाही आणि भोंगा वाजवणार नाही.

मला वाटलं साहेब चिडले असतील. तर नाही. म्हणाले, "ताई, घाबरू नका. खरं काय ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं छापू. मला तर उलट..." आणि थांबले. मग म्हणाले, "तुमच्या एका शब्दाचं काम आहे."

मी म्हटलं, उद्या सांगते.

आता दुपारचे चार वाजलेत. खाली इस्त्रीचे ठोके चाललेत. मी इथे कोणासाठी लिहीत नाहीये, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. फोन ठेवल्यावर मला क्षणभर आनंद झाला. पोटातून आला तो. मग लगेच भीती वाटली. त्या चाली दादाच्या असल्या तर त्या चाली आहेत. लोकांनी त्या ऐकून लग्नं ठरवलीत, मुलांची नावं ठेवलीत. माझ्या असल्या तर काय आहेत? शाळेतल्या एका बाईने भाजी शिजेस्तोवर गुणगुणलेलं काहीतरी.

आणि त्या माझ्या असतील, तर अडतीस वर्षं तो काय करत होता? आणि मी त्याला काय करू दिलं? आणि मग झाकणही

पुढे लिहीत नाही.


१८ मार्च, मंगळवार

गेले. साहेबांच्या कागदावर लिहून दिलं, "सर्व चाली माझ्या दिवंगत भावाच्या आहेत. मी त्या फक्त उतरवून घेतल्या." खाली सही. वहिनीने दुपारी फोनवर संमती दिली. म्हणाली, "त्यांनाच नको असेल तर मी कोण?" हे साहेबांकडून कळलं, तिने मला काही सांगितलं नाही.

भोंगाने कागद वाचला. वाजवायला बसला होता तो उठला, सॅक्सोफोनचे तीन तुकडे सुटे केले, एकेक पुसून पेटीत ठेवला. फार वेळ लावून.

"ताई, तीस वर्षं मी तुमच्या चाली वाजवल्या आणि टाळ्या त्याच्याकडे वळवल्या. तेव्हा माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "त्याने तुला उभं केलं, भोंगा."

"हो, केलं. म्हणून तो असताना कधी विचारलं नाही. पण आता माहीत असून नाही वाजवणार." जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वळून म्हणाला, "तुम्हीही नका वाजवू." मला कळलं नाही काय म्हणायचं होतं ते. मी कुठे वाजवते?

सॅक्सोफोनशिवायच झालं मग. पियानो, बेस, ड्रम. पियानोवाली मुलगी 'खालची वाफ' वाजवताना मध्येच थांबली आणि तोंड धुवून येते म्हणून गेली. मोजणी चुकली असेल. नंतर मात्र एका दमात वाजवलं. मधला भाग तिने मी दाखवला होता तसा वाजवला, कागदावर होता तसा नाही. मी तसंच राहू दिलं.


२ एप्रिल, बुधवार

वहिनी गेली. तिच्या धाकट्या बहिणीकडे, कायमची. एक सुटकेस आणि शिवणाचं मशीन. मशीन उतरवायला लाँड्रीतली दोघं वर आली होती.

दारात म्हणाली, "चला माझ्याबरोबर, वन्सं. बहिणीकडे खोली आहे. मी तिला विचारलंय."

"पियानोला कोण बघणार?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी तिरकं बोलेल. तर माझ्या गालाला हात लावला फक्त, आणि उतरली. मधल्या वळणावर वाफ इतकी दाट होती, की तिचा हात कठड्यावर दिसत होता आणि ती दिसत नव्हती.

पस्तीस वर्षं एका घरात काढली. एकमेकींना काय आवडतं तेसुद्धा धड माहीत नाही. आज दोघींचा भात टाकला.


९ मे, शुक्रवार

आल्बम निघाला. दुपारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता. दीडशे माणसं असतील. मंचावर दादाचा मोठा फोटो, क्लबातला, हसतानाचा. मी तिसऱ्या रांगेत बसले, पुढे बसवत होते पण नको म्हटलं. भोंगा नव्हता. वहिनीला कार्ड पाठवलं होतं.

एका समीक्षकांचं भाषण झालं. ते म्हणाले, या माणसाचं सगळं आयुष्य क्लबात, बोटींवर, दौऱ्यांत गेलं, पण त्याच्या चालींच्या मध्यभागी एक बंद खोली आहे. तिथे कोणीतरी खिडकीशी उभं राहून बाहेर जाणाऱ्यांकडे बघतंय. "हे एकटेपण त्या हसऱ्या माणसात कुठून आलं, हे कोडं त्यांच्याबरोबरच गेलं." मला दादाचा फार अभिमान वाटला. आणि का कोण जाणे, बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. गेले नाही. मधून उठणं बरं दिसत नाही.

आल्बमच्या पुठ्ठ्यावर आत शेवटच्या ओळीत छापलंय, "विशेष साहाय्य : भगिनी."

पियानोवाली मुलगी कार्यक्रमानंतर गर्दीतून माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, एकदा तुमच्याकडे येऊ का? नुसती. तुम्ही वाजवाल आणि मी ऐकेन." मी म्हटलं, "ये की, केव्हाही." म्हणायला काय जातंय. ती आली तर काय करायचं, ते बघू.

घरी येऊन रेकॉर्ड लावली नाही. पाठच आहे.


३ जून, मंगळवार

साहेबांचा फोन. आल्बमला लोकांनी उचलून धरलंय. आता दुसरा भाग काढायचा म्हणतात. "पण जुन्या चाली नकोत, ताई. कोणी न ऐकलेल्या. तुमच्याकडे त्यांचं अजून काही असेलच."

मी म्हटलं, "शोधून बघते."

नाही असं सरळ सांगता आलं असतं. उरलेल्या वह्यांत काही नाही, मला ठाऊक आहे.


५ जून, गुरुवार

सकाळी आठला बसले ते दुपारी दोनपर्यंत. जेवणाची शुद्ध नाही. सहा तासांत पूर्ण झाली चाल, नोटेशनचे बत्तीसच्या बत्तीस बार. एकही खोडावा लागला नाही. गेल्या सहा महिन्यांत घरात जी शांतता आहे ती सगळी तिच्यात आली. मधल्या भागात डावा हात थांबतो आणि उजवा एकटाच चालत राहतो, आणि तो जिथे जाऊन पोचतो तिथे मी आजवर कधी गेले नव्हते. तीनदा वाजवली. तिसऱ्यांदा खाली इस्त्रीचे ठोके थांबलेले ऐकू आले.

मग वर तारीख घालायची होती. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर घातला. नंतर लक्षात आलं, तेव्हा तो इस्पितळात होता. ऑगस्ट केला.

नावाची जागा मोकळी होती. कोणी बघत नव्हतं, म्हणून एकदा स्वतःचं नाव लिहून बघितलं. अक्षर माझंच, पण खोटी सही केल्यासारखं वाटलं. कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. वाटलं कोणीतरी येईल आणि विचारेल.

कोणी आलं नाही. नवा कागद घेतला, चाल पुन्हा पहिल्यापासून उतरवली, आणि वर दादाचं नाव लिहिलं. ते लिहिताना हात थांबला नाही.